अर्धा न्यूट्रॉन कुठे असतो?

या महिन्यातली निम्मी पत्रं आकड्यांवर रुसलेली आहेत. पुस्तकातला आकडा एक, हातातला दुसरा, आणि दोघांचं पटत नाही म्हणून बाईंना पत्र. मला हे भांडण आवडतं. रसायनशास्त्र शिकवताना मी मुलांना एकच खोड लावायचा प्रयत्न केला: आकडा पाठ करायच्या आधी विचारा, हा कोणी मोजला, कशानं मोजला आणि नेमकं काय मोजलं. वर्गात वेळ कमी आणि पोर्शन जास्त, त्यामुळे ती खोड फार थोड्यांना लागली. इथे वेळ आहे.

बाई, मी एफवायला आहे. पुस्तकात क्लोरीनमध्ये १७ प्रोटॉन आणि अणुवस्तुमान ३५.५ दिलंय. म्हणजे न्यूट्रॉन साडेअठरा! अर्धा न्यूट्रॉन कुठे असतो? वर्गात विचारलं तर उत्तर आलं, ‘३५.५ लिही आणि पुढे चल.’ दुसरं म्हणजे, आमचं आगरवाड्याला मिठागर आहे. मीठ काढल्यावर कोंडीत उरलेलं पाणी आजोबा सोडून देतात, म्हणतात ते कडू. मिठाचं पाणी कडू कसं?
— विद्यार्थिनी, पेडणे

अर्धा न्यूट्रॉन कुठेच नसतो, पोरी. आणि ३५.५ वस्तुमानाचा क्लोरीनचा अणूही नसतो. तुझ्या आजोबांच्या मिठागरातलं सगळं मीठ चाळून काढलंस तरी तसा एक सापडायचा नाही.

निसर्गात क्लोरीनचे अणू दोन जातींचे. प्रोटॉन दोघांतही १७. एकात न्यूट्रॉन १८, दुसऱ्यात २०. हे समस्थानिक. हजार अणू घेतलेस तर त्यांतले साधारण ७५८ हलके आणि २४२ जड निघतील. हलक्याचं वस्तुमान ३४.९७, जडाचं ३६.९७. आता वही उघड. ३४.९७ गुणिले ०.७५८ म्हणजे २६.५०७. ३६.९७ गुणिले ०.२४२ म्हणजे ८.९४७. बेरीज ३५.४५४. पुस्तकवाल्यांनी त्याचं ३५.५ केलं, कारण गणितं सोडवायला सोपं पडतं. म्हणजे हा आकडा कुठल्याच एका अणूचा नाही, सगळ्या जमावाची ती सरासरी आहे.

हा ‘अर्धा’ तुझ्याआधी भल्याभल्यांना खुपलाय. विल्यम प्राउट नावाच्या लंडनच्या डॉक्टरानं १८१५ मध्ये मांडलं की सगळ्या मूलद्रव्यांची वजनं हायड्रोजनच्या पटीत असतात, म्हणजे सगळं हायड्रोजनचंच बनलेलं असणार. कल्पना देखणी होती. पण क्लोरीन काही केल्या पूर्णांकात बसेना. बेल्जियमच्या स्तास यांनी तराजूवर इतकं काटेकोर काम केलं की ‘मोजण्यात चूक झाली असेल’ ही पळवाटही बंद झाली, आणि प्राउटची कल्पना बासनात गेली. ती गाठ सुटली १९१९ नंतर. केंब्रिजमध्ये ॲस्टन यांनी भारित अणूंचा झोत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून वाकवला. हलके अणू जास्त वाकतात, जड कमी. फोटोच्या काचेवर क्लोरीनच्या खुणा उमटल्या ३५ आणि ३७ वर. साडेपस्तीसवर काहीच नव्हतं. त्यांना १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गंमत बघ, स्तास यांचा तराजू अगदी बरोबर होता, फक्त तराजू एकेक अणू उचलत नाही, कोट्यवधींचा ढीग उचलतो.

मग मीठ दोन प्रकारचं का नाही? कारण सोडियमशी व्यवहार इलेक्ट्रॉन करतात, आणि ते दोन्ही जातींत १७च. अणुगर्भातल्या दोन जादा न्यूट्रॉननी त्या व्यवहारात नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. तरीही जगभरातल्या नमुन्यांत हलक्या-जडाचं प्रमाण किंचित इकडेतिकडे असतं. म्हणून आययूपॅक ही आंतरराष्ट्रीय संघटना हल्ली क्लोरीनसाठी एकच आकडा न देता ३५.४४६ ते ३५.४५७ असा पट्टा देते. परीक्षेत मात्र ३५.५ लिही, पुढे कंसात ‘सरासरी’ असंही लिही. मार्क कापले तर मला कळव.

आता आजोबा. ते सांगतात ते शंभर टक्के खरं. मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घेतलेल्या समुद्राच्या पाण्यात नुसतं आपलं मीठ नसतं. एक किलो समुद्राच्या पाण्यात सगळे क्षार मिळून ३५ ग्रॅमच्या आसपास, त्यातलं खाण्याचं मीठ साधारण २७. उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमचे क्षार. उन्हानं पाणी आटत जातं तसं जे कमी विरघळतं ते आधी बाहेर पडतं. सर्वांत आधी चुना आणि जिप्सम. पाणी दहाव्या हिश्श्यावर आलं की मीठ धरायला लागतं. मॅग्नेशियमचे क्षार फार विरघळणारे, ते शेवटपर्यंत पाण्यातच दडून राहतात, आणि कडू तेच. पाणी पूर्ण आटू दिलं तर तो कडूपणा मिठातच उतरतो. म्हणून जाणता मिठागरवाला वेळेवर ते पाणी सोडतो. पुस्तकात याला प्रभाजी स्फटिकीकरण म्हणतात आणि प्रश्न पाच मार्कांना येतो. आजोबांना पूर्ण पाच द्यायला हवेत.

आमच्या ट्रकांनी वर्षानुवर्षं खनिज वाहिलं. लॅबच्या रिपोर्टात लोखंड कधी ५५ टक्के, कधी ५८, कधी ६०. नातवाच्या पुस्तकात हेमटाइटमध्ये लोखंड ६९.९ टक्के, आणि ते म्हणे कधीच बदलत नाही. रिपोर्ट खोटे की पुस्तक?
— निवृत्त ट्रकमालक, डिचोली

दोन्ही खरे. हेमटाइट हे संयुग आहे, लोखंडाचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन. लोखंड ५५.८५ च्या हिशेबानं १११.७, ऑक्सिजन ४८, एकूण १५९.७. भागाकार केलात की ६९.९ टक्के. ते डिचोलीचं असो, सांग्याचं असो की ब्राझीलचं, हाच आकडा. फ्रान्सच्या प्रूस्त यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी हाच नियम मांडला आणि त्यापायी बर्थोले यांच्याशी बरीच वर्षं वाद घातला.

पण तुमच्या ट्रकात हेमटाइट नव्हतं, खनिज होतं. खनिज म्हणजे मिश्रण. त्यात हेमटाइटबरोबर माती, सिलिका, ॲल्युमिना, पाणी धरून बसलेली लोखंडाची दुसरी खनिजं. मिश्रणाला नियम नाही, खणाल तसं निघेल. ५८ टक्क्यांच्या मालातलं सगळं लोखंड हेमटाइटचंच धरलं तर त्यात हेमटाइट सुमारे ८३ टक्के, बाकी सतरा टक्के तुम्ही फुकट वाहिलीत. शिवाय ओलावा. म्हणूनच खनिजाचा सौदा कोरड्या टनावर होतो: नमुना १०५ अंशांवर वाळवायचा, किती वजन उतरलं ते बघायचं आणि तेवढं वजा करायचं. पावसाळी मालाच्या वजनावरून धक्क्यावर झालेल्या कटकटी तुम्हाला मी सांगायला नको.

अणूचं चित्र नवग्रहांसारखं का काढतात? मधे सूर्य, भोवती इलेक्ट्रॉन फिरतायत.
— पालक, फोंडा

सोपं पडतं म्हणून. ते चित्र बरोबर नाही, आणि हे १९२० च्या दशकापासून माहीत आहे. गोल फिरणारा भारित कण सतत ऊर्जा फेकत राहतो. इलेक्ट्रॉन खरंच ग्रहासारखा फिरत असता तर सेकंदाच्या अब्जांशाच्या आतच तो अणुगर्भात कोसळला असता आणि हे पत्र लिहायला तुम्ही उरला नसता. इलेक्ट्रॉन अमुक जागी आहे असं न म्हणता अमुक भागात सापडण्याची शक्यता किती, एवढंच सांगता येतं. मुलाला चित्र काढू द्या, पण कंपासनं नको. पेन्सिल आडवी धरून, मधे दाट आणि बाहेर विरळ अशी छटा द्यायला सांगा.

विजयदुर्गला गेलो होतो. तिथे ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. गाइड म्हणाला, लॉकयर साहेबानं १८६८ च्या ग्रहणात इथूनच हेलियम शोधला. सूर्यावरचा वायू किल्ल्यावरून कसा ओळखता येतो? आणि हे खरं आहे का?
— सहलीला गेलेले शिक्षक, म्हापसा

आधी दुसरा प्रश्न, कारण तो कोकणात जरा नाजूक आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं. जमखंडीला हर्शेल घराण्यातला एक लेफ्टनंट होता, गुंटूरला फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन. पण नॉर्मन लॉकयर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशातले रंग सुटे करून दिसणारा पट्टा, पाहिला तो २० ऑक्टोबरला, इंग्लंडमधूनच, आणि ग्रहण नसताना. गुंटूरहून जान्सेन यांनीही ग्रहणाशिवाय हे जमतं असं कळवलं होतं. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली, आणि पुढे फ्रेंचांनी दोघांचे चेहरे असलेलं एक पदक काढलं. विजयदुर्ग पाहायला कारणं पुष्कळ आहेत. त्याला उसना साहेब लागत नाही.

आता ओळखायचं कसं. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूत इलेक्ट्रॉनना ठरावीक ऊर्जेच्या पायऱ्यांवरच राहता येतं. वरच्या पायरीवरून खाली येताना तेवढ्याच ऊर्जेचा, म्हणजे तेवढ्याच रंगाचा प्रकाश बाहेर पडतो. गॅसवर आमटी उतू गेली की ज्योत पिवळीजर्द होते ना, तो सोडियमचा प्रकाश. त्याच्या दोन रेषा, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर. सूर्याच्या ज्वाळांत एक पिवळी रेषा दिसली तेव्हा बहुतेकांना तो सोडियमच वाटला. लॉकयर यांनी जागा नीट मोजली तर ती रेषा सोडियमच्या जागेवर नव्हती, शेजारी होती. आजच्या मापानं ५८७.६. जेमतेम दीड नॅनोमीटरचा फरक. त्यांचं उपकरण पाच नॅनोमीटर इकडेतिकडे चुकणारं असतं तर नवं मूलद्रव्य सोडियमच्या खात्यात जमा झालं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता. पृथ्वीवर हेलियम हाताशी आला १८९५ मध्ये. रॅम्झी यांनी युरेनियमचं एक खनिज आम्लात टाकलं, सुटलेल्या वायूचा वर्णपट पाहिला आणि तीच रेषा समोर आली. या पायऱ्या का असतात त्याचं पहिलं चालणारं गणित नील्स बोर यांनी १९१३ मध्ये दिलं, तेही फक्त हायड्रोजनपुरतं.

आमची काजूची भट्टी आहे. मी बीएस्सी करतो. पुस्तकात अल्कोहोल ७८ अंशांवर उकळतं आणि पाणी १०० वर. मग भाणात (भट्टीच्या हंड्यात) थर्मामीटर घालून ७८ वर धरलं तर पहिल्याच फेरीत शुद्ध अल्कोहोल यायला हवं. पप्पांना सांगितलं तर ते हसत सुटले. शिवाय एकच माल सकाळी आणि दुपारी मोजला तर ग्राव (मालाच्या कडकपणाचे अंश) वेगळे येतात. नळी खराब आहे का?
— सत्तरी

पप्पा हसले ते बरोबर, पण कारण त्यांनाही सांगता आलं नसणार, म्हणून तू पत्र लिहिलंस ते उत्तम केलंस.

७८ आणि १०० हे सुट्या सुट्या शुद्ध पदार्थांचे आकडे. भाणात आंबलेला निरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस आहे, त्यात पुष्कळ पाणी आणि थोडं अल्कोहोल. हे मिश्रण ७८ वर उकळतच नाही. ते नव्वदच्या वर कुठेतरी उकळायला लागतं, आणि अल्कोहोल निघून जाईल तसतसं तापमान आणखी चढत जातं. तू ७८ वर धरून बसलास तर रात्र होईल आणि लाकडं फुकट जातील. उकळताना वाफेत दोन्ही असतात, फक्त खालच्या रसापेक्षा वाफेत अल्कोहोलचं प्रमाण जास्त. ती वाफ थंड झाली की पहिल्या फेरीचं हुर्राक. हुर्राक पुन्हा भट्टीवर चढवलं की वाफ आणखी कडक, ती फेणी. तुझ्या खापरपणज्याला वाफ आणि द्रव यांच्या समतोलाचा आलेख माहीत नव्हता, पण दोनदा गाळायचं हे माहीत होतं, आणि कारण तेच आहे.

मग दहा वेळा गाळलं तर? तरीही शुद्ध अल्कोहोल मिळत नाही. वजनानं ९५.६ टक्क्यांवर गाडी अडते. तिथे वाफेत आणि द्रवात प्रमाण एकच होतं, पुढे गाळून काही उपयोग नाही. याला स्थिरक्वाथी मिश्रण म्हणतात. हा शब्द वर्गात मुलं हमखास गाळायची.

आता नळी. काचेची ती नळी अल्कोहोल मोजतच नाही. ती घनता मोजते. २० अंशांना पाण्याची घनता मिलिलिटरला ०.९९८ ग्रॅम, शुद्ध अल्कोहोलची ०.७८९. माल कडक तितका हलका, नळी तितकी खोल बुडते, आकडा वर जातो. पण एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली तापलेला माल प्रसरण पावतो, घनता उतरते, नळी जास्त बुडते, आणि फेणी होती तेवढीच असून कडक दिसते. नळी ठणठणीत आहे. मोजताना मालाचं तापमान लिहून ठेवायचं, किंवा रोज सकाळी ठरावीक वेळी मोजायचं. दुपारच्या ग्राववर पैसे मागणारा आणि सकाळच्या ग्राववर देणारा, दोघंही शहाणे असतात, एवढंच सांगते.

कॉलेजच्या लॅबमध्ये एक प्रयोग करून बघ. ५० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल एकत्र कर. शंभर भरत नाही, साधारण ९६-९७ भरतं. आधी वजन करून ठेवलंस तर दिसेल की वजन एक मिलिग्रॅमही हललं नाही. दोघांचे रेणू एकमेकांत जास्त दाटीनं बसतात, जागा कमी लागते. वस्तुमानाची बेरीज होते, आकारमानाची होईलच असं नाही. म्हणून बाटलीवर ‘४२.८ टक्के’ दिसलं की विचारायचं, कशाचे टक्के? ते आकारमानाचे असतात. तीच फेणी वजनानं ३६ टक्क्यांच्या आसपास भरते. एकाच बाटलीचे दोन आकडे, दोन्ही खरे.

सोनाराच्या काट्यावर माझी बांगडी १०.२३४ ग्रॅम आली. घरच्या किचनच्या काट्यावर १० ग्रॅम. सोनारानं २२ कॅरटचा हिशेब करून कॅल्क्युलेटरवर शुद्ध सोनं ९.३७४३४४ ग्रॅम दाखवलं. इतके आकडे बघून विश्वास बसतो, पण बसावा का?
— गृहिणी, मडगाव

थोडा बसावा. घरचा काटा १० म्हणतो तेव्हा त्याचं म्हणणं एवढंच असतं की साडेनऊ आणि साडेदहाच्या मधे कुठेतरी. तो खोटं बोलत नाही, त्याला तेवढंच दिसतं. सोनाराच्या काट्याला मिलिग्रॅम दिसतो. पण मिलिग्रॅम दिसणं म्हणजे मिलिग्रॅम बरोबर असणं नव्हे. बांगडी उचलून तीनदा ठेवा. १०.२३४, १०.२३३, १०.२३४ आलं तर काटा एकसारखा वागतोय. तो खरंही बोलतोय का हे कळायला १० ग्रॅमचं शिक्क्याचं प्रमाणित वजन ठेवून बघावं लागतं. दर वेळी इमानेइतबारे १० मिलिग्रॅम जास्त दाखवणारा काटाही एकसारखाच वागत असतो. आणि पंखा बंद करायला सांगा. काचेची झडप नसलेल्या काट्यावर वाऱ्यानं शेवटचा आकडा नाचतो.

आता ती सहा दशांशं. सोनारानं १०.२३४ ला ०.९१६ नं गुणलं, आणि कॅल्क्युलेटर बिचारा जे येईल ते छापतो. पण ९१६ हा आकडाच कापलेला आहे. २२ भागिले २४ म्हणजे ०.९१६६६ आणि पुढे सहाच सहा. तो पूर्ण घेतला तर शुद्ध सोनं ९.३८१ ग्रॅम येतं. बघा, ९.३७ चं ९.३८ झालं! तिसरा अंकच डळमळतोय, तर मग चौथ्यापासून सातव्यापर्यंतचे अंक कुठून आणले? गुणाकारातल्या ज्या आकड्यात भरवशाचे अंक सर्वांत कमी, तेवढेच अंक उत्तरात ठेवायचे. ०.९१६ मध्ये तीन आहेत, म्हणून सोनाराचं उत्तर ९.३७, त्यापुढे पूर्णविराम.

फरक सात मिलिग्रॅमचा आहे, आणि तो तुमच्या विरुद्ध गेला आहे. बांगडी मोडीत घालायची असेल तर सोनाराला ९१६ ऐवजी २२ गुणिले, २४ भागिले करायला सांगा. त्याच्या कॅल्क्युलेटरवर तीही बटणं आहेत.